अनुभव धागा : खुलं की बंदिस्त तंत्रज्ञान? तुमचं काय अडलं, काय सुटलं?

नांदेडहून धागा सुरू करतोय. परवा भावाशी वाद झाला. त्याच्याकडं आयफोन, माझ्याकडं अँड्रॉइड. तासभर भांडलो आणि लक्षात आलं, दोघंही जाहिरातीतलंच बोलतोय. अँड्रॉइड तरी कुठं पूर्ण खुलं आहे? गाभ्याचा कोड कुणालाही बघता येतो, पण त्यावर बसलेल्या गुगलच्या सेवा बंदच. म्हणून मराठवाड्यातल्या मंडळींना विनंती: कॅमेरा-बॅटरीचं नको. खुल्या किंवा बंदिस्त व्यवस्थेत तुमचं काम कुठं अडलं, कुठं निभावलं, ते लिहा.

उदगीर, डीटीपी

२००३ पासून लग्नपत्रिका, हँडबिलं आणि एका साप्ताहिकाची पानं करतो. तेव्हा माझे मराठी फॉन्ट डोंगलवर चालायचे. डोंगल म्हणजे कॉम्प्युटरच्या मागं खोचायची किल्ली. ती नसली की काम बंद. त्यात प्रत्येक कंपनीनं मराठी अक्षरं आपल्या मर्जीनं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की नुसता रोमन खिचडा.

२०१५ ला लाईट कमी-जास्त होऊन डोंगल जळालं. विकणारे म्हणाले, ही आवृत्ती बंद झाली, नवी घ्या. पण जुन्या फायली जशाच्या तशा उघडतील याची खात्री कुणी देईना. बारा वर्षांचं काम मीच टाईप केलेलं, आणि मलाच वाचता येईना. त्यातच किल्लारीच्या भूकंपाला दहा वर्षं झाली तेव्हाचा विशेषांक होता. १९९३ च्या त्या पहाटे ढिगाऱ्याखालून निघालेल्या माणसांनी स्वतः सांगितलेलं. त्यातली कितीतरी आता हयात नाहीत.

कुणीतरी फुकट ठेवलेला कन्व्हर्टर सापडला. रफार आणि जोडाक्षरं तो हमखास चुकवायचा. छापील अंक शेजारी ठेवून दोन महिने रात्री ओळ न् ओळ तपासली. आता सगळं युनिकोडमध्ये आहे. तिथं देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, त्यामुळं माझा ‘क’ कुठल्याही मशीनवर ‘क’च राहतो. मुक्ता, बालू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे. गिऱ्हाईकाला फाईलसोबत फॉन्टही बिनधास्त देतो.

कळंब, जि. धाराशिव

मी उलट बाजूनं लिहिते. आईला व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच नंबरवरून लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाईल होती, म्हणजे अँड्रॉइडवर थेट ॲप बसवणारी फाईल. तिनं दाबलं, परवानगी मागितली तशी दिली. ॲप मेसेज वाचायला लागलं, ओटीपी गेले आणि पेन्शनच्या खात्यातले ४२,००० रुपये गेले. पैशापेक्षा वाईट हे की आई आठ दिवस नीट जेवली नाही. “माझ्यामुळं झालं” एवढंच म्हणायची.

भारतात आयफोनवर कंपनीच्या दुकानाबाहेरून असं ॲप बसत नाही. म्हणून तिला जुना आयफोन घेऊन दिला. बाहेरून ॲप बसवायची मोकळीक मला हवी आहे, माझ्या फोनवर ती मी वापरतेही. पण ६८ वर्षांच्या एकट्या बाईला तिच्या जोखमीसकट ती देणं मला पटत नाही. कुणी काहीही म्हणो.

जालना, मोबाईल दुरुस्ती

एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन फोन. एकाचा बोर्ड गेला, दुसऱ्याचा डिस्प्ले. चांगला कॉम्बो, म्हणजे टचसकट डिस्प्ले, काढून चांगल्या बोर्डाला लावला. भाग अस्सल, तरी स्क्रीनवर ‘अनोळखी भाग’ म्हणून सूचना. गिऱ्हाईकाला वाटतं मीच डुप्लिकेट टाकला. सतरा वर्षं या टेबलावर कमावलेली पत अशी एका ओळीत जाते, त्याचा मला फार राग आहे.

परभणी, जि. प. शाळा

दहा जुने संगणक, प्रत्येकी २ जीबी रॅम, निर्लेखनाच्या यादीत निघालेले. विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही खुली प्रणाली टाकली. आता पोरं टक्स पेंटवर चित्रं काढतात, जिओजेब्रात त्रिकोण ओढून बघतात. पैसा लागला नाही. वेळ मात्र लागला. प्रिंटरनंच दोन दिवस खाल्ले. पालक विचारतात, “मॅडम, बाहेर क्लासमध्ये तर दुसरंच असतंय?” केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकवतात, हे सांगते.

उदगीरच्या दादा, तो विशेषांक आमच्या आठवीला वाचायला मिळेल का?

वसमत, शेतकरी

आमच्याकडं लाईट रात्री येते. मोटार मोबाईलवरून चालू करायची पेटी घेतली होती. दोन वर्षांनी कंपनीनं धंदा गुंडाळला, ॲप उघडेना. पेटी चांगली, सिम चालू. पण ती प्रत्येक गोष्ट कंपनीच्या सर्व्हरला विचारायची, आणि तिथं उत्तर द्यायला कुणी नाही. पुन्हा बॅटरी घेऊन रात्री एक वाजता शेतातल्या आखाड्यावर.

पुतण्या पॉलिटेक्निकला आहे. त्यानं आर्डुइनो, म्हणजे हवा तसा प्रोग्राम टाकता येणारं छोटं बोर्ड, आणि सिमचं मॉड्यूल लावून मेसेजवर चालणारी पेटी केली. आर्डुइनोच्या सर्किटचा नकाशा खुला आहे, त्यामुळं तशी बोर्डं बऱ्याच जणांकडून मिळतात. विहिरीचं पाणी संपलं की मोटार बंद करणारा जुना प्रिव्हेंटर तसाच ठेवला.

मला हे सोयाबीनसारखं वाटतं. वाण सरळ असतो, संकरित नसतो, म्हणून घरचं बी उगवण तपासून पेरता येतं. संकरित कपाशीची पाकिटं मात्र दरसाल दुकानातूनच.

शेजारच्या तिघांच्या त्याच कंपनीच्या पेट्या आखाड्यावर पडून आहेत. पुतण्या दिवाळीला येणार आहे, तेव्हा त्याही उघडू.