कागदी अर्जाची सोय बंद करण्याआधी गावात इंटरनेट पोहोचायला हवे

धागाकर्ता (सांगोला) :
शेतकऱ्याने पिकाची नोंद स्वतः मोबाईलवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची पद्धत राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झाली. हेतू चांगला आहे. पण आमच्या वाड्यावस्त्यांवर ज्वारीच्या रानात उभे राहून काढलेला फोटो काही केल्या वर चढत नाही आणि माणूस रेंजच्या शोधात बांधावरून टेकाडावर जातो. नोंद राहिली की सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि मग अतिवृष्टीची भरपाई असो की हमीभावाची खरेदी, सगळीकडे अडते. म्हणून रेंज नसलेल्या गावांत लेखी अर्ज घेणे बंधनकारक असावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (बार्शी) :
सपशेल असहमत. कागद म्हणजे पुन्हा तलाठ्याच्या सज्जाचे हेलपाटे आणि ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे उत्तर. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आज घरबसल्या मिळतो, हे सुख लहान शेतकऱ्यालाच अधिक कळते. शिवाय पळवाट ठेवली की टॉवर उभारण्याची निकड संपते. आपल्याच माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडचा प्रयोग करणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. गाव मागे राहते, हे गृहीतच चुकीचे आहे.

धागाकर्ता :
पण कोड छापला तरी तो वाचायला फोन लागतो, आणि घरातला एकुलता फोन दिवसभर वडिलांच्या खिशात असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ग्रामीण पुरुषांपैकी ४८.७ टक्क्यांनी, तर ग्रामीण स्त्रियांपैकी अवघ्या २४.६ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेले होते. टॉवर उभा राहिला, तरी ही दरी आपोआप बुजणार नाही. जिच्या नावावर जमीन आहे, त्या विधवेने नोंदीसाठी कोणाच्या दारात जायचे?

प्रतिसाद (मंगळवेढा) :
दोघेही मधला टप्पा विसरत आहात. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. केबल आली, तरी रस्त्याच्या खोदकामात ती तुटते, वीज गेली की कार्यालयातील यंत्र बंद पडते, आणि दुरुस्ती कोणी करायची हे ग्रामसेवकालाही सांगता येत नाही. केबल टाकल्याचा हिशेब होतो, चालू राहिल्याचा होत नाही. खरे दुखणे हे आहे.

प्रतिसाद (बार्शी) :
विधवेचा मुद्दा मान्य, तरीही मी कागदाच्या बाजूने येणार नाही. ग्रामपंचायतीत ठरलेल्या दिवशी माणूस बसवावा, त्याने शेतात जाऊन तिची नोंद विनाशुल्क ऑनलाइनच करावी, आणि जोडणी बंद असलेल्या दिवसांइतकी मुदत त्या गावाला आपोआप वाढवून मिळावी.