मदत हवी आहे: रिमूव्हएक्सॅटरला (फाइलीला चिकटलेली जादा माहिती काढणारा कॉल) मध्येच 'ईपर्म' (परवानगी नाही, ही एरर) येतोय, सोडून देऊ की थांबू?

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचा ड्रॉइंग सर्व्हर बघतो. लिनक्स, एक्सटी-फोर. गिऱ्हाइकाच्या पोर्टलवरून ड्रॉइंग डब्ल्यूगेट या डाउनलोड टूलने उतरतात. त्यात एक्सॅटरचा, म्हणजे फाइलीला जादा माहिती चिकटवायचा, पर्याय चालू आहे, म्हणून प्रत्येक फाइलला 'यूझर.एक्सडीजी.ओरिजिन.यूआरएल' या नावाखाली अख्खी लिंक चिकटते, टोकनसकट (लिंकमधली प्रवेशाची किल्ली). वर फाइल आणि फोल्डरवर 'यूझर.पार्टी' हे आमचं स्वतःचं, त्यात पार्टीचं म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव. उद्यमनगरातले पॅटर्नवाले (साचे करणारे) आरसिंक या कॉपी टूलला मोठा एक्स (एक्सॅटरसकट) लावून ओढतात, म्हणजे हे सगळं त्यांच्याकडे पोचतं. पार्टी कोण ते बाहेर कळू नये असं मालकांचं म्हणणं, आणि ते रास्तच आहे. उद्यमनगरात बातमी चहाच्या आधी पोचते.

म्हणून सी मध्ये छोटी सर्व्हिस लिहिली आहे. ती फोल्डरभर फिरून ही दोन नावं काढते. साध्या फाइलींवर बिनबोभाट चालते. नाव मुळात नसेल तर 'ईनोडेटा' येतो, तो मी सोडून देतो. 'ईपर्म' मात्र दोन ठिकाणी येतो:

'आवक' फोल्डरवर. ग्रुपला लिहायची परवानगी आहे, आतल्या फाइली साफ होतात, फोल्डर स्वतः होत नाही.

आणि 'चालू' फोल्डरमधल्या सिमलिंकांवर (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या लिंका). तिथे खुद्द लिंकवर चालणारं एलरिमूव्हएक्सॅटर वापरलंय, कारण नुसतं रिमूव्हएक्सॅटर लिंकमागे जाऊन मास्टर ड्रॉइंगवरची पार्टी पुसेल. ती तिथे हवीच आहे.

'ईपर्म' सरसकट सोडून दिला तर चालेल का?

प्रतिसाद

नको भावा, दोन्हीची कारणं वेगळी आहेत. 'यूझर.' वाले एक्सॅटर फक्त साध्या फाइलीवर आणि डिरेक्टरीवर बसतात. सिमलिंकवर ते असूच शकत नाहीत, तिथे काढायला काही नाही. 'आवक' वर स्टिकी बिट (परवानग्यांमधली एक खूण) असणार, एलएस ला परवानग्यांच्या शेवटी 'टी' दिसतोय का बघ. स्टिकी डिरेक्टरीवरचा यूझर एक्सॅटर मालक सोडून कुणालाच बदलता येत नाही, किंवा मग कॅप-एफओनर (मालकाइतका हक्क देणारी खास परवानगी) लागतं. तिथला 'ईपर्म' गिळलास तर पार्टीचं नाव तसंच राहणार.

कॉलला पाथ देऊच नको. ओ-नोफॉलो (लिंकमागे जाऊ नको) लावून ओपन कर, एफस्टॅटने फाइल की डिरेक्टरी ते बघ, मग त्या उघडलेल्या फाइलीवरच एफरिमूव्हएक्सॅटर. वाचण्यापुरतं उघडलं तरी चालतं, परवानगी फाइलीची बघितली जाते. ओ-पाथने (नुसता पाथ धरून ठेवणारा पर्याय) उघडू नको, 'ईबॅडएफ' ही एरर येईल. ओ-नॉनब्लॉक (वाट बघत थांबू नको) पण लाव, नाहीतर कुठे फिफो (प्रोग्रामांमधला पाइप) लागला तर सर्व्हिस तिथंच लटकंल.

धागाकर्ता

हो, 'टी' आहे, मालक रूट. कॅप-एफओनर देण्यापेक्षा फोल्डरच सर्व्हिसच्या युझरच्या नावावर केला, तिथला 'यूझर.पार्टी' निघाला. ओ-नोफॉलोमुळे लिंकवर आता 'ईलूप' ही एरर येते, तेवढीच सोडतोय. 'ईपर्म' आला की लॉगमध्ये नोंद आणि त्या फोल्डरचं आरसिंक बंद.