सोलर इन्व्हर्टर फार तापतोय, कुठे हलवू? (भुसावळ)

तापीकाठ:
मंडळी, ५ किलोवॉटचं ऑनग्रिड (विजेच्या लाइनला जोडलेलं) सोलर आहे. इन्व्हर्टर गच्चीच्या पश्चिम भिंतीवर. पावसाच्या धास्तीने पत्र्याच्या पेटीत बसवलाय. सध्या दुपारी बारानंतर ॲपवरचा वीजनिर्मितीचा आलेख कापल्यासारखा सपाट होतो, पेटीला हात लाववत नाही. पेटीत पंखा बसवू का? आणि ही गरम हवा बिबडे-पापड वाळवायला वापरता येईल का?

रावेरवाला:
आधी पेटी काढ ना भो! मेच्या उन्हात बिबड्यांना मशीन कशाला लागतं?

वायरमनकाका:
इन्व्हर्टर साधारण ९७ टक्के कार्यक्षम धरा. ४ किलोवॉट चालू असताना सव्वाशे वॉटच्या आसपास उष्णता, म्हणजे जुना पिवळा बल्ब. त्यात काही वाळत नाही, पण बंद पेटी मात्र भट्टी होते. बहुतेक मशीनं भोवतालची हवा ४५ अंशांपुढे गेली की स्वतःच उत्पादन कमी करतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा तिथे पोचतो, मग पेटीत काय राहणार?

मशीनवर आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलंय का बघा. असेल तर पावसाची भीती नाही, उन्हाची आहे. उत्तरेच्या भिंतीवर घ्या, वर छज्जा हवाच: मेअखेर आणि जूनमध्ये सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो, सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीवरही तिरपं ऊन येतं. वरखाली हातभर जागा मोकळी. मागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली धूळ कोरड्या ब्रशने काढा. जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाचं फुसकटही. कूलरचा झोत मारू नका, ती हवा ओलसर असते.

चोपडेकर:
सपाट आलेख म्हणजे उष्णताच असं नाही. पॅनल इन्व्हर्टरपेक्षा जास्त क्षमतेचे असतील किंवा लाइनचं व्होल्टेज चढलं, तरी असंच दिसतं. शिवाय पॅनल स्वतः २५ अंशांपेक्षा जास्त तापले की पुढच्या दर अंशाला त्यांचं उत्पादन ०.३ ते ०.४ टक्के घटतं. तो तोटा मशीन हलवून भरून येणार नाही.

धुळेकरीण:
आमचा हायब्रिड (बॅटरीही जोडलेला) इन्व्हर्टर आहे, खाली लेड-ॲसिड बॅटऱ्या. चालेल का?

वायरमनकाका:
नको ताई. चार्जिंगला निघणारा वायू थेट मशीनमध्ये जातो. बॅटऱ्या बाजूला, घरातल्या थंड कोपऱ्यात, पण हवेशीर जागी ठेवा. दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

तापीकाठ:
पॅनल ५ किलोवॉटचेच आहेत, मार्चमध्ये आलेख गोल होता. पेटी आजच काढतो. हलवायचं काम स्वतः केलं तर?

वायरमनकाका:
अजिबात नाही. ऊन आहे तोवर पॅनलच्या वायरीत व्होल्टेज असतंच, मेन बंद करून ते जात नाही. बसवणाऱ्यालाच बोलवा, वॉरंटीचंही त्यालाच विचारा.