मदत हवी आहे: फोटोत काजळ दिसतच नाही!! (तातडीचं)

सदाघाई:
सोमवारच्या आत काजळचा एक तरी धड फोटो हवाय. मोठा छापून फ्रेम करायचाय. दोन दिवसांत शंभरावर काढले, सगळे उडवले. नुसते डोळे चमकतात, बाकी काळा धब्बा. लाईट लावून झालं, बंद करून झालं, जवळून झालं, लांबून झालं. नेमकं काय चुकतंय? "चांगला कॅमेरा घ्या" हे उत्तर नकोय.

गुलबक्षी:
पसरतंय का? मग आधी डोळ्याखाली थोडी पावडर दाबून घ्या आणि पेन्सिल सोडून जेलचं वापरा. आतल्या कडेला गडद काळ्याऐवजी तपकिरी लावून बघा. काळ्याने फोटोत डोळे उलट बारीक दिसतात.

सदाघाई:
अहो, काजळ माझी कुत्री आहे.

गुलबक्षी:
अगं बाई! तरी म्हटलं धब्बा कसा काय.

शुद्धलेखक:
शीर्षकावरून घोटाळा होऊ शकतो, पण खाली "काजळचा" लिहिलंय, "काजळाचा" नव्हे. सामान्यरूप झालं नाही म्हणजे विशेषनाम. एवढं वाचणाऱ्याने बघायला हवं होतं. बाकी फोटोतलं मला काही कळत नाही.

लेन्सकाका:
कुत्री काळी आहे का?

सदाघाई:
नाव काजळ ठेवलंय. पांढरी असेल का?

लेन्सकाका:
असतात हो. आमच्या शेजारच्या पांढऱ्याशुभ्र बोक्याचं नाव कोळसा आहे. असो. काळी असेल तर उपाय एकच: एक्स्पोजर उणे करा, म्हणजे फोटो मुद्दाम थोडा गडद घ्या. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला काळं-पांढरं समजत नाही. समोर जे येईल ते सरासरीने मधल्या करड्या रंगाचं असणार असं तो धरून चालतो, तो तुमचा प्रसिद्ध १८ टक्के करडा. मग काळ्या कुत्र्याला तो उजळवत करडं करून टाकतो. उणे एक, गरज पडली तर उणे दीड. चाळीस वर्षं हेच करतोय.

शेपूटवाली:
काका, तुमचं फ्रेमभर कुत्राच असेल तेव्हा बरोबर. पण त्या म्हणतायत काळा धब्बा येतो, करडी येते असं नाही म्हणत. म्हणजे मीटर दुसरंच काहीतरी उजेडाचं बघून फसतोय. तिथे उणे केलंत तर चमकणारे डोळेसुद्धा जातील. सदाघाई, फोटोत तिच्या मागे काय असतं?

लेन्सकाका:
काळ्याला उणे, पांढऱ्याला अधिक. यात बदल होत नाही.

शेपूटवाली:
माझ्याकडे दोन काळे लॅब्रॅडॉर आहेत. होतो बदल.

तिरपागडा:
भाऊ, फ्लॅश मारा, विषय संपवा.

शेपूटवाली:
अजिबात नको. कुत्र्याच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो, अंधारात जास्त दिसावं म्हणून. फ्लॅशचा उजेड त्यावरून परत फिरतो आणि डोळे हिरवे-पिवळे पेटतात. "नुसते डोळे चमकतात" हे मला त्यातलंच वाटतंय. फ्लॅश मारला होता का?

सदाघाई:
"लाईट लावून" म्हणजे तेच ना. आणि भाऊ नाही, बाई आहे. मागे बाल्कनीचं दार असतं, ती कायम तिथेच पडलेली असते. पांढरी फरशी. आता सांगा काय करू, वेळ नाहीये.

शेपूटवाली:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर! दारातून भगभगीत उजेड, खाली पांढरी फरशी, मधे काळी कुत्री. मीटर दार सांभाळायला जातो आणि तिचा कोळसा होतो. तुम्ही तिच्या आणि घराच्या मधे उभ्या राहता. उलटं करा. तुम्ही दाराला पाठ लावा, तिचं तोंड उजेडाकडे येऊ द्या. ऊन थेट अंगावर नको, दारापासून हात-दोन हात आत. मग डोळ्यांत दाराचा एक छोटा चौकोन उमटतो, बुबुळ जिवंत दिसतं.

लेन्सकाका:
आणि तसं केल्यावर कुत्री फ्रेमभर आली की उणे.

शेपूटवाली:
हो काका, तेव्हा उणे.

आडनिडा:
कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, काहीच सांगितलेलं नाही आणि इथे दोन पानं भांडण. मी ५० मिमी एफ १.८ वापरतो, पण कुत्र्याला जवळून एफ १.८ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, काढू नका. नाक फोकसमध्ये येतं आणि डोळे धुक्यात. लांब नाकाचं जनावर आहे, एफ ४ तरी ठेवा. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, पळत असेल तर १/१००० हवा. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो कोणी दुरुस्त करू शकत नाही.

सदाघाई:
फोन आहे. साधा फोन. आणि ती पळत वगैरे नाही हो.

आडनिडा:
मग माझं सगळं सोडून द्या.

ओली_पाऊलं:
फोन असेल तर तीन गोष्टी. रुमालाने लेन्स पुसा (हसू नका, आमच्याकडे निम्मे फोटो यानेच सुधारले). पोर्ट्रेट मोड बंद करा, काळ्या केसांची कड त्याला सापडत नाही, मिशा आणि कानांची टोकं खातो. नाईट मोडही बंद. तो बऱ्याच फ्रेम एकावर एक रचून फोटो बनवतो, तेवढ्यात ती धापली की दोन जिभा येतात. एकदम जवळ जाऊ नका, नाक भोपळ्याएवढं येतं. दोन पावलं मागे जाऊन २ एक्स झूम करा. आणि खाली बसा, खरं तर पालथ्याच पडा. उभ्याने काढलेल्या फोटोत कुत्रा म्हणजे पाठ आणि डोकं, बस.

फिल्मवाला:
पालथं पडण्यावरून आठवलं. फोटोग्राफर एलियट अर्विटचा १९७४ सालचा न्यूयॉर्कचा फोटो बघा. टोपी घातलेला एवढासा चिवावा, शेजारी बाईचे बूट आणि पलीकडे आणखी दोन पाय. ते पाय माणसाचे वाटतात, नीट बघितलं की कळतं ग्रेट डेनचे, म्हणजे एका अवाढव्य कुत्र्याचे आहेत! कॅमेरा चिवावाच्या उंचीवर नसता तर त्या फोटोत काहीच नव्हतं. आणि सगळं फिल्मवर बरं का. एका रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळे माणूस आधी बघायचा आणि मग दाबायचा. आता शंभर काढायचे आणि शंभर उडवायचे.

तिरपागडा:
घ्या, आले आजोबा. ताई, मी सांगतो तो सोपा मार्ग. फोर-के व्हिडिओ काढा आणि आवडेल ती फ्रेम उचला. एक फ्रेम ८ मेगापिक्सेलची असते, छापायला पुष्कळ झाली.

आडनिडा:
घरातल्या उजेडात फोन व्हिडिओचा शटर बऱ्याचदा १/५० च्या आसपास ठेवतो. उचललेली प्रत्येक फ्रेम जराशी हललेली. त्यापेक्षा बर्स्टवर, म्हणजे एकामागोमाग झरझर, दहा-बारा फोटो काढा.

तिरपागडा:
मी काढलेत, छान आलेत.

आडनिडा:
फोनच्या पडद्यावर सगळेच छान येतात.

खिडकीतली:
ती कॅमेऱ्याकडे बघते का? बघत नसेल तर पिपाणीवालं खेळणं घ्या, फोनच्या अगदी मागे धरा आणि एकदाच वाजवा. मान तिरकी होते तो क्षण. दुसऱ्यांदा वाजवलंत की खेळणं मागायला अंगावर येते.

सदाघाई:
तिला ऐकू येत नाही.

खिडकीतली:
अजिबात? हे आधी का नाही सांगितलंत?

सदाघाई:
तेरा वर्षांची आहे हो. सांगितलं असेल असं वाटलं. डोळेही हल्ली फोटोत निळसर येतात, ते एडिट करून काळे करता येतील का?

ओली_पाऊलं:
करू नका ना. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, त्याने निळसर झाक येते. प्रत्येक वेळी मोतीबिंदूच असतो असं नाही, डॉक्टर बघून सांगतील. तेरा वर्षांची आहे तर तेरा वर्षांची दिसू दे. हनुवटी पांढरी झाली असेल ना? काळ्या कुत्र्याच्या फोटोत तोच भाग पहिला उठून दिसतो. फोकसला बोट तिथेच ठेवा, काळ्या केसांवर फोकस भटकत बसतो. बोट थोडा वेळ दाबून धरलंत की फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. मग सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा.

लेन्सकाका:
सूर्य खाली ओढणे म्हणजेच उणे. नोंद असावी.

शेपूटवाली:
ऐकू येत नसेल तर जमिनीवर पाय आपटा. हलकाच. माझा थोरला शेवटची दोन वर्षं ठार बहिरा होता, पण फरशीतून धक्का पोचला की डोकं वर करायचा. दुसऱ्या कुणाला तरी आपटायला सांगा, तुम्ही आपटलात तर फोन हलतो. तो मान उचलायचा तेव्हा आधी कान यायचे आणि मग डोळे. डोळे येईपर्यंत थांबा. सोमवारचं काय आहे, विचारू का?

सदाघाई:
गाठ काढायची आहे. पोटाची एक बाजू पूर्ण भादरणार म्हणाले. आईचं म्हणणं की नंतर केस पूर्वीसारखे येतील-न येतील, आत्ताच फोटो काढून घे. म्हणून घाई.

फिल्मवाला:
चिडवलं त्याबद्दल माफ करा. कृष्णधवल करून बघा, निळसरपणाचा प्रश्नच राहणार नाही. पण रंगीतही जपून ठेवा.

सदाघाई: (रविवार, रात्री)
जमलं. मी दाराला पाठ लावून पालथी, आईच्या हातात तिची चादर पडद्यासारखी धरलेली, बाबा पाय आपटायला. पहिल्या वेळी बाबांनी इतक्या जोरात आपटला की ती उठून आत निघून गेली आणि अर्धा तास आलीच नाही. मग पुन्हा येऊन तिच्याच जागेवर पडली, म्हणजे दारात, उजेडाकडे पाठ करून. शेवटी चादरच दारावर टांगली आणि बाजूच्या खिडकीचा उजेड घेतला. साठेक काढले, तीन चांगले आलेत. एकात एक कान उलटा पडलाय आणि आतलं गुलाबी दिसतंय, आईला तोच हवाय. केस काळे नाहीच आहेत, उजेडात मानेवर चक्क तांबूस दिसतात. तेरा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लेन्सकाका:
उणे किती केलंत?

सदाघाई:
माहीत नाही काका. थोडं खाली ओढलं.

शेपूटवाली:
उलट्या कानाचाच छापा. उद्या ती घरी आली की कळवा.

तिरपागडा:
फोटो कुठंय पण?

सदाघाई:
उद्या टाकते. आत्ता तिला उपाशी ठेवायचंय आणि ती वाटीपाशी बसून माझ्याकडे एकटक बघतेय. दोन दिवस हेच हवं होतं.

गुलबक्षी:
काढा ना मग लगेच!