डोंगल लावलं की सीडी दिसते, मोडेम दिसत नाही

विट्याचा_पेंग्विन: मंडळी, सांगली मार्केट यार्डात मामांच्या अडतीवरच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स टाकलंय, हळदीचे दर बघायला नि बिलं पाठवायला जुनं यूएसबी डोंगल लावलं तर नुसती सीडी माउंट होते, मोडेम दिसतच नाही, ड्रायव्हर कुठनं आणायचा?

कृष्णाकाठ: भावा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतोय, नाव 'ऑप्शन'. ही डोंगलं आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात कारण आत विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेलं असतं. डोंगलला सीडीतनं मोडेममध्ये पालटणारं यूएसबी-मोडस्विच टाक, डोंगल काढून परत लाव नि एलएसयूएसबी (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) बघ, कोलनच्या पुढचा आयडी बदलला म्हणजे मोड पालटला, मग डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) टीटीवाययूएसबी० हा मोडेमचा पोर्ट यायला पाहिजे.

विट्याचा_पेंग्विन: आयडी बदलला! टीटीवाय मात्र नाही.

कृष्णाकाठ: मग ऑप्शनच्या यादीत तुझा आयडी नसणार. मोडप्रोब ऑप्शन करून ड्रायव्हर चढव, नि सिसएफएसमधे (कर्नलच्या सेटिंगांचं /sys फोल्डर) यूएसबी-सिरियलखाली ऑप्शन१ चं फोल्डर आहे त्यातल्या न्यू_आयडी फाइलीत रूट होऊन वेंडर नि प्रॉडक्टचे आकडे (एलएसयूएसबीत कोलनच्या आधीचे नि नंतरचे) मधे स्पेस देऊन इकोने लिही. रीबूट केलं की हे पुसतं, चाललं तर यूडेव्ह रूल लिही, म्हणजे डोंगल लावलं की हे आपोआप होईल.

कराडचा_पाहुणा: सिम कुठलंय पण? डोंगल ३जी नि सिम जिओचं असलं तर सोडून दे, जिओला २जी-३जी नाहीच.

विट्याचा_पेंग्विन: जिओ नाही. टीटीवाययूएसबी० ते २ आले राव! मिनीकॉममध्ये (पोर्टशी बोलायचा प्रोग्रॅम) एटी ही मोडेमची कमांड मारली की कधी ओके येतं कधी भलतंच काहीतरी

कृष्णाकाठ: मोडेममॅनेजर ही मोडेम सांभाळणारी सेवा तोच पोर्ट धरून बसलीय, टेस्ट करेपर्यंत सिस्टिमसीटीएल कमांडने थांबव तिला.