बसमधून पाहिलेला युरोप हा पाहिलेला नव्हेच का?

कृष्णाकाठ:
इथल्या एका सदस्यांनी परवा लिहिले की, समूहसहलीने युरोपला जाणारी मराठी माणसे प्रत्येक स्थळापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात, रात्री वरणभातासाठी हॉटेलात परततात आणि काहीही न पाहता घरी येतात; अशांनी महाबळेश्वरलाच जावे. हे वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

माझ्या आईने आयुष्यभर भूगोल शिकवला. हिमनदीने कोरलेली यू आकाराची दरी, तिच्या कड्यावर उघडणारी लोंबती दरी आणि तिथून कोसळणारा धबधबा ही आकृती तिने फळ्यावर असंख्य वेळा काढली असेल. स्वित्झर्लंडमध्ये लाउटरब्रुनेनला बसमधून उतरल्यावर श्टाउबबाखचा जवळजवळ ३०० मीटरांचा धबधबा समोर दिसला, तेव्हा ती शेजारच्या बायकांना हात उंचावून दरीचा आकार समजावून सांगू लागली. गुडघे दुखत असताना, फलाट शोधत आणि बॅगा ओढत ती तिथवर एकटी पोहोचली असती, असे ज्यांना वाटते त्यांनी सत्तरीतल्या माणसाबरोबर एकदा प्रवास करून पाहावा.

एकटा जीव:
ते लेखन माझे आहे आणि त्यातला मुख्य आक्षेप आपण टाळला आहे. सहलीच्या पत्रकात पॅरिसचे 'लूव्र' संग्रहालय असे छापलेले असते आणि प्रत्यक्षात त्याच्या प्रवेशद्वारावरच्या काचेच्या पिरॅमिडपुढे बस थांबवून माणसांना परत बसमध्ये चढवले जाते. जे आत जातात त्यांचीही गत फार वेगळी नसते. मोनालिसाचे चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आहे आणि त्याच्यासमोर सारे दालन मोबाइल उंचावून उभे असते. त्याच दालनात, त्या गर्दीच्या बरोबर पाठीशी, चित्रकार व्हेरोनेसेचे सुमारे दहा मीटर रुंदीचे, बायबलमधल्या काना येथील लग्नाचे चित्र आहे. नेपोलियनच्या सैन्याने ते १७९७ मध्ये व्हेनिसच्या मठातून उचलून आणले. त्याच व्हेनिसला पुढे निघालेल्या माणसांना हे कोणी सांगत नाही, कारण सांगायला वेळ नसतो. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला मात्र घड्याळांच्या दुकानासाठी भरपूर वेळ असतो. तिथल्या जुन्या लाकडी पुलाच्या छताखाली त्रिकोणी चित्रफलक आहेत आणि १९९३ च्या आगीत त्यांतले बरेचसे जळाले. आमच्या गटातल्या कित्येकांनी मान वर करून तिकडे पाहिलेही नाही. त्यात हे सोबत नेलेले आचारी! परदेशी जाऊन तिथले अन्न चाखायचेच नसेल, तर प्रवास अर्धाच झाला.

सुगरण ठाणेकर:
आचाऱ्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहिते. माझ्या सासूबाई कडक शाकाहारी आहेत. इटलीत 'शाकाहारी' म्हणून जे पास्ते समोर येतात, त्यांवर किसलेले पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या विकराशिवाय बनत नाही. त्यांना मधुमेहही आहे, त्यामुळे इन्सुलिन घेतल्यावर वेळेवर जेवावेच लागते. त्यांना रात्री मुगाची खिचडी मिळाली म्हणून दुसऱ्या दिवशी त्या कलोसियम पाहू शकल्या. ही चैन नव्हे.

म्युनिककर:
खिचडीला कोणाचाच विरोध नाही. परंतु हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावरची फळे आणि पाव डब्यांत भरून नेणारे आपले गट मी स्वतः पाहिले आहेत, आणि मग तिथले कर्मचारी आमच्याकडे, म्हणजे इथे राहणाऱ्या भारतीयांकडे, त्याच नजरेने पाहतात. तुमची सहल संपते, आम्हाला इथेच राहायचे असते.

सुगरण ठाणेकर:
माझ्या सासूबाईंनी कोणाचा पाव उचललेला नाही. आपल्याला ज्यांची लाज वाटते त्यांचा हिशेब आपण त्यांच्याशी करावा. आजारी माणसाच्या जेवणाच्या उत्तरात चोरीचा विषय काढणे मला अत्यंत अपमानास्पद वाटले.

म्युनिककर:
आपल्या सासूबाईंविषयी मी काहीही म्हटलेले नाही. डबे भरण्याविषयी म्हटले आहे आणि ते मागे घेणार नाही.

जुना सहलनायक:
मी अनेक वर्षे असे गट नेले आहेत, म्हणून घाईचे कारण सांगतो. युरोपीय संघात चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाला साधारणपणे नऊ तासांहून अधिक चालवता येत नाही आणि बसमधले यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. एक कुटुंब फ्लॉरेन्सला अर्धा तास उशिरा आले, तर त्याची भरपाई सगळ्या गटाच्या पाहण्यातून होते. व्हेनिसने २०२४ पासून गट पंचवीस माणसांपुरते मर्यादित केले आणि ध्वनिवर्धकही बंद केले. पंचेचाळीस जणांची बस तिथे विभागावी लागते आणि दुसरा वाटाड्या घ्यावा लागतो. हे पैसे सहल स्वस्त मागणाऱ्यांना द्यायचे नसतात. घड्याळांच्या दुकानांविषयी मात्र मी बचाव करणार नाही. तिथला वेळ कमी करता येतो.

एकटा जीव:
एवढे जरी मान्य झाले तरी माझे लिहिणे वाया गेले नाही. कृष्णाकाठ, महाबळेश्वरचे वाक्य आपल्या आईंना लागू होत नाही, हे मी मान्य करतो. जे पिरॅमिडपासून परततात त्यांना ते लागू होते.

कृष्णाकाठ:
तेही होत नाही. त्यांनी लूव्रच्या आत जाण्याचे पैसे भरले होते की नाही, हे आधी विचारा. पुढच्या वर्षी आईवडिलांना पाठवताना मी प्रत्येक स्थळापुढे 'आतून' की 'बाहेरून' हे कंपनीकडून लेखी घेणार आहे. ल्युसर्नला तो पूल पाहायला किती वेळ ठेवला आहे, तेही विचारीन. त्यासाठी बसने जाणाऱ्यांना अडाणी ठरवण्याची गरज नव्हती.