जागतिक दिनाला पोस्टर हवं की आकडेवारी?

घंटाळीकर

ठाण्यातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. आमच्याकडे वर्षभर 'दिन' चालू असतात. ८ मार्च महिला दिन, १२ जून बालमजुरीविरोधी दिन, ११ जुलै लोकसंख्या दिन, ८ सप्टेंबर साक्षरता दिन. प्रत्येकाचं एक बॅनर, एक पोस्टर स्पर्धा, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि फोटो.

माझं म्हणणं असं की पोस्टर बंद करून त्या दिवसाच्या निमित्ताने मुलांना मूळ आकडेवारी शोधायला लावावी. निमित्त असलं की मुलं हलतात. शिवाय बऱ्याच संस्था आपले अहवाल याच तारखांच्या आसपास बाहेर काढतात. आपल्या सांख्यिकी मंत्रालयाचं सरकारी आकडेवारीचं ई-सांख्यिकी पोर्टलसुद्धा २९ जून २०२४ ला, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या जयंतीला, सांख्यिकी दिनीच सुरू झालं.

यंदा महिला दिनाला सरकारचं वेळ-वापर सर्वेक्षण, म्हणजे माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात त्याची पाहणी, वर्गात घेतलं. २०२४ च्या फेरीत घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. वर्गात वाचून दाखवलं तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आमच्या घरात कोणाची ८८ मिनिटं होतात? ही सरासरी काढली कशी?" इतक्या वर्षांच्या पोस्टर स्पर्धांत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

चेकनाका

सर, हेतू चांगला आहे, पण मला मुळातच पटत नाही. हे दिन ठरतात न्यूयॉर्क-जिनिव्हात, त्या वर्षीची 'थीम'ही तिकडेच ठरते, आणि आपण कळव्या-मुंब्र्यात बसून तिची री ओढायची. ११ जुलै का? तर १९८७ साली त्या तारखेच्या सुमारास जगाची लोकसंख्या पाच अब्ज झाली असा अंदाज होता. बरं. त्याचं दिवा स्टेशनच्या लोकल गाडीशी काय नातं?

आणि घाईत शोधलेल्या आकड्याचं काय होतं तेही बघा. एका कॉलेजच्या बोर्डावर गेल्या जुलैत लिहिलं होतं : ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८. आकडा खरा आहे, २०११ च्या जनगणनेचा. पण तो अखंड जिल्ह्याचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्याच जनगणनेत आताच्या ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला येतात ८०,७०,०३२. म्हणजे तीस लाख माणसं जास्तीची मोजून लोकसंख्या दिन साजरा झाला! का, तर उद्या सकाळी प्राचार्य येणार म्हणून रात्री अकरा वाजता गूगल केलं.

घंटाळीकर

हा दोष दिनाचा कसा? हा तपासायला न शिकवण्याचा दोष आहे. तेच तर शिकवा म्हणतोय.

ऐरोली_कट्टा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जागतिक पाणी दिनाला 'पाणी वाचवा' चे चाळीस फॉरवर्ड आले आणि त्याच दिवशी गाड्या पाइपने धुतल्या. चालू द्या.

आकडेमोड

निवृत्त आहे, आयुष्य तक्त्यांत गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी त्या मागच्या बाकावरच्या मुलाला शाबासकी. २८९ आणि ८८ ही सरासरी ज्यांनी त्या दिवशी ते काम केलं त्यांचीच आहे. ज्या पुरुषाने कपबशीही उचलली नाही, तो त्या ८८ मध्ये धरलेलाच नाही. त्याला शून्य धरून सगळ्या पुरुषांत वाटलंत तर आकडा बराच खाली येतो. अहवालात दोन्ही तक्ते असतात. बातमीत एकच येतो.

आता चेकनाका यांच्या मुद्द्याची पुढची पायरी, आणि ही जास्त घातक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी २०१५-१६ ची. तेव्हा पालघर वेगळा झालेला होता, पण सर्वेक्षण २०११ च्या ६४० जिल्ह्यांवर बेतलं होतं. म्हणून त्यातल्या 'ठाण्या'त आता पालघरमध्ये असलेले जव्हार-मोखाडा हे आदिवासी तालुकेही आहेत. पाचव्या फेरीत ७०७ जिल्हे, ठाणे आणि पालघर वेगवेगळे. दोन्हींची जिल्हा पत्रकं शेजारी ठेवून कोणी 'ठाण्यात कुपोषण किती बदललं' असं लिहिलं, तर त्यातला किती बदल खरा आणि किती नुसता जव्हार-मोखाडा कागदावरून निघून गेल्यामुळे, हे त्या दोन पत्रकांवरून सांगताच येत नाही. अशी तुलना छापून आलेली मी पाहिली आहे.

आणखी एक. पाचव्या फेरीवर '२०१९-२१' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे लोक त्यात कोविडचे परिणाम शोधतात. महाराष्ट्रातल्या घरांची पाहणी कोविडच्या आधीच करून झाली होती.

तुर्भेवाली

मी नवी मुंबईत नाका कामगारांबरोबर, म्हणजे रोज सकाळी नाक्यावर कामाची वाट बघत उभ्या राहणाऱ्या मजुरांबरोबर, काम करते. दरवर्षी १८ डिसेंबरच्या, म्हणजे स्थलांतरित दिनाच्या आठवड्यात फोन सुरू होतात. "ताई, डेटा मिळेल का? उद्या प्रेझेंटेशन आहे."

कुठून देऊ? जनगणनेत स्थलांतराचे तक्ते आहेत, पण ते २०११ चे. जन्मस्थळ आणि आधीचं राहण्याचं ठिकाण यावर ते बेतलेले. दिवाळीनंतर नांदेडहून येऊन चार महिने नाक्यावर उभा राहणारा आणि पेरणीला परत जाणारा माणूस त्यात नीट सापडत नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची १ मार्च २०२७ या तारखेची. असंघटित कामगारांसाठीचं सरकारचं ई-श्रम पोर्टल २०२१ च्या ऑगस्टपासून आहे, पण ती नोंदणी आहे, सर्वेक्षण नाही. ज्याच्या मोबाइलला आधार जोडलेलं नाही तो स्वतः नोंदणी करायला गेला की अडतो. नोंद झाली ती गावच्या पत्त्यावर की तुर्भ्याच्या, हा आणखी वेगळा घोळ.

मग मुलं काय करतात? जगात एकूण स्थलांतरित किती तो आकडा उचलतात. त्यात सीमा ओलांडून परदेशी गेलेली माणसंच मोजतात, नांदेडवाला त्यात नाहीच. पोस्टरवर मात्र खाली फोटो आमच्या नाक्याचा.

त्यामुळे चेकनाका यांच्याशी मी अर्धी सहमत. पण घंटाळीकर सर, तुमच्या मुलांनी पोस्टरवर मोठ्या अक्षरांत 'तुर्भ्याच्या नाक्यावरच्या हंगामी मजुरांचा आकडा कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही' एवढंच लिहिलं, कुठे कुठे शोधलं ते खाली दिलं, तर ते पोस्टर मी स्वतः नाक्यावर लावीन.

नेरूळची

विद्यार्थिनी म्हणून बोलू का? आम्हाला दिन नसता तर काहीच कळलं नसतं. साक्षरता दिनाच्या असाइनमेंटमुळे मला इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे मिळाला. २००४-०५ ला ज्या घरांची पाहणी केली, त्यातल्या बहुतेक घरांत २०११-१२ ला परत गेले. नुसते तक्ते नाहीत, एकेका कुटुंबाची उत्तरं आहेत, नावं काढून. मिशिगनच्या आयसीपीएसआर या डेटा-संग्रहात ठेवलाय, नोंदणी केली की फुकट. माझ्या कॉलेजात कोणाला माहीत नव्हता.

अडचण एकच, सगळं इंग्रजीत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली तिथेच सोडून देतात. मराठीत काय आहे?

घंटाळीकर

आहे ना. राज्य सरकारची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते, मराठीत. ती काढणाऱ्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचंच 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' ठाण्याचं वेगळं मिळतं. शाळा, दवाखाने, कारखाने, तालुकावार. दिसायला रूक्ष आहे, पण मुलींना हेच आधी द्या. आणि देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथूनच चालतं. वाशीहून कितीसं लांब?

आकडेमोड

समालोचनात तक्त्यांच्या तळटिपा वाचा हो मुली. बरेच आकडे त्या त्या खात्याने कळवलेले असतात, संचालनालयाने मोजलेले नसतात. शाळेने कळवलेली पटसंख्या आणि घरी जाऊन विचारलेली हजेरी यात फरक पडतो.

चेकनाका

सगळ्यांचं वाचलं. माहिती भरपूर मिळाली, आभार. पण मूळ प्रश्न कोणीच घेतला नाही. विषय कोण ठरवणार? ठाणे मनपा हद्दीत २०११ ला १८.४१ लाख माणसं होती, नवी मुंबईत सुमारे ११.२ लाख. एवढ्या लोकांना स्वतःचे प्रश्न नाहीत? सामाजिक न्यायाचा जागतिक दिन २० फेब्रुवारीला असतो, कोणाला ठाऊक आहे? आपल्याकडे तो २६ जूनला, शाहू महाराजांच्या जयंतीला असतो आणि त्याला इथला इतिहास आहे. ३ जानेवारी सावित्रीबाईंची. शिक्षणाची आकडेवारी त्या दिवशी काढा की.

घंटाळीकर

२६ जून ठेवू, हरकत नाही. पण १८ डिसेंबर सोडणार नाही. त्या तारखेला तुलनेसाठी बाहेरची आकडेवारी ताजी मिळते, आणि तुर्भेवाली ताईंचं रिकाम्या जागेचं पोस्टर जगाच्या आकड्याशेजारी लावलं तरच ती रिकामी जागा दिसते.

चेकनाका

हे पटलं नाही. पण २६ जूनला काही करणार असाल तर मी येतो. एक सुचवतो : जिल्ह्यात मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या, शिष्यवृत्तीचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, पैसे खात्यात कधी पडले, हे माहिती अधिकारात मागवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि पहिल्या उत्तरात बहुधा अर्धंच येतं, तेव्हा अर्ज एप्रिलमध्येच टाका. परीक्षा चालू असतील, मुलं कुरकुरतील.

नेरूळची

मसुदा मी लिहिते. तालुकावार मागायचं की कॉलेजवार?

आकडेमोड

दोन्ही. आणि वर्ष लिहिताना आर्थिक की शैक्षणिक ते स्पष्ट लिही, नाहीतर त्याच एका कारणाने परत पाठवतील.